गोळ्यांचा वानोळा

बी. फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला माणूस जेवढा शहाणा असतो, तेवढा पुढं आयुष्यात कधीच होत नाही. पहिली तीन वर्षं औषध पोटात गेल्यावर काय करतं ते शिकवतात. चौथ्या वर्षी ते पोटात जाण्याआधी किती जणांनी तपासायचं, कुणी सही करायची, कारखान्यात कोणत्या दारानं माणूस जाणार आणि कोणत्या दारानं माल, हे शिकवतात. मग आपल्याला वाटायला लागतं, जगात जे काही बिघडलंय ते हे न पाळल्यामुळंच. मी सुट्टीला नांदूरघाटला घरी गेले की आईच्या लोणच्यापाशी उभी राहून विचारायची, बरणी कशानं धुतली, कधी भरली, कधीपर्यंत चालणार? आई म्हणायची, "संपंस्तोवर चालंल. सरक तिकडं."

कॉलेज केजजवळ होतं, म्हणून केजमध्ये एका घराच्या वरच्या मजल्यावर खोली घेऊन मी आणि माझी वर्गमैत्रीण राहायचो. मैत्रीण परळीची. वीजकेंद्राच्या राखेच्या गावात वाढल्यामुळं पांढऱ्या कपड्यावर तिचा काडीचाही विश्वास नव्हता. स्वतःचा ॲप्रन ती पिशवीत घालून कॉलेजला न्यायची आणि प्रयोगशाळेच्या दारात अंगावर चढवायची. खाली आमची घरमालकीण, मावशी. तिचे यजमान, आमचे काका, शेतात वस्तीवर, म्हशींपाशी राहायचे आणि आठवडी बाजाराला तेवढे यायचे. त्यामुळं मावशीला बोलायला आम्ही होतो आणि आम्हाला रागवायला ती.

मावशीला शुगर होती, आणि इतक्या थाटात शुगर बाळगलेली बाई मी दुसरी पाहिली नाही. कुणी भेटलं की खुशाली विचारायच्या आधी ती शेवटच्या तपासणीचा आकडा सांगायची. तिच्या चहातली साखर मी बंद करवली होती. ती रोज कुरकुर करायची आणि गल्लीत मात्र सांगत फिरायची, "फार्मशीची पोरगी हाय घरात, काय करता! साखरंला हात लावू देत न्हाई." ऐकणारीला वाटावं, सरकारनंच मला तिच्या घरी नेमलंय.

दुसरी तिची खोड वानोळ्याची. घरात नवं काही झालं, पापड लाटले, शेवया केल्या, झाडाच्या पहिल्या कैऱ्या उतरवल्या, की त्यातलं थोडं शेजारी द्यायचं, तो वानोळा. आमच्याकडं सगळेच देतात. पण मावशीचं काम कडक होतं. ज्या घरून वाटी भरून आली, त्या घरी ती रिकामी परत गेली तर तिला अन्न गोड लागायचं नाही. एकदा घरात द्यायला काहीच नव्हतं, तर तिनं शेजारच्या वहिनींच्या वाटीत आमच्या खोलीतली बिस्किटं घालून पाठवली. आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं, तेही वहिनींकडून.

शेवटच्या सत्राला प्रोजेक्ट असतो. आम्ही दोघींनी शुगरची गोळी करायला घेतली. "मावशी, तुमच्यासाठीच करतोय बघा," असं मैत्रीण एकदा सहज बोलून गेली. मावशीनं ते सहज घेतलं नाही.

या गोळीची अडचण अशी, की तिच्यात औषध अगदी इवलंसं आणि बाकी सगळी भरती लॅक्टोजची आणि स्टार्चची. ते इवलंसं औषध प्रत्येक गोळीत सारखं जायला पाहिजे, त्यातच सगळी परीक्षा. आमच्या सरांचं म्हणणं असायचं, की थोडं करणं आणि जास्त करणं ही दोन वेगळी कामं आहेत. आम्ही आधी खलात थोड्याच गोळ्यांचा माल मळला, त्या झकास झाल्या. सर म्हणाले, आता मोठी बॅच घ्या, कारखान्यात खरं दुखणं तिथं सुरू होतं. आम्ही मोठी बॅच मळली, ओला गोळा चाळणीतून दाबून त्याचे दाणे पाडले, ते ड्रायरच्या ट्रेमध्ये पसरले आणि लाइट गेली. परळीच्या पोरीसमोर लाइट जाऊ नये. "राख आमच्या नाकात, आन् लाइट जाती ती बी आमचीच!" म्हणून तिनं ट्रे आपटला.

लाइट काही येईना. ओला माल तसाच ठेवला तर वाया जाणार. सरांना विचारलं तर ते मोटारसायकलला किक मारता मारता म्हणाले, "घरी न्या, गच्चीवर टाका. प्रोजेक्टच आहे, कुणाला खायच्यात?"

मावशीला तर सणच झाला. कुरडया-पापडाचं वाळवण घालण्यात तिचा हात धरणारी गल्लीत कुणी नव्हती, आणि आता चक्क औषधाचं वाळवण तिच्या गच्चीवर आलं होतं. तिनं काकांचं धुवट धोतर काढून अंथरलं, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि काठी घेऊन राखणीला बसली. मीही माझं शास्त्र सोडलं नाही. तिला केस झाकायला लावले, साबणानं हात धुवायला लावले, तोंडाला रुमाल बांधायला लावला. बांगड्या काढा म्हणाले, तेव्हा तिनं माझ्याकडं असं बघितलं की तो नियम मी तिथंच मागं घेतला. मैत्रीण आभाळाकडं बघत उभी होती. इथं राख कुठून येणार, तरी सवयच ती.

कॉलेजच्या मशिनवर गोळ्या पाडल्या तेव्हा मात्र आम्हाला आमचंच कौतुक आवरेना. पांढऱ्याशुभ्र, गुळगुळीत, मधोमध रेघ. त्यातल्या बऱ्याचशा एका डब्यात भरून आम्ही घरी आणल्या. कारण औषध उन्हाळ्यात टिकतं का हे बघायला ते चाळीस डिग्रीला, दमट हवेत ठेवावं लागतं, आणि कॉलेजचं त्यासाठीचं कपाट बंद पडून त्यात जुने पेपर भरलेले होते. चाळीस डिग्रीची आम्हाला काळजी नव्हती. बीड जिल्ह्यात एप्रिलमध्ये ती पत्र्याखाली फुकट मिळते. प्रश्न दमट हवेचा, ती आमच्याकडं कुठली? मग पुस्तकात सांगितल्याप्रमाणं डब्यात मिठाच्या घट्ट पाण्याची एक वाटी ठेवली, गोळ्या तिच्याशेजारी उघड्या बशीत, वरून झाकण पक्कं लावलं आणि डबा गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवून दिला. मावशीनं डोकावून बघितलं आणि मान डोलावली. "मीठ घातलं ते बेस केलं. मिठात टिकतंय."

मी तिला समजावून सांगायला पाहिजे होतं. पण परीक्षा तोंडावर होती, आणि मावशीला एखादी गोष्ट समजावायला बसलं की उठेपर्यंत आपणच तिच्याकडून काहीतरी शिकून उठतो, बहुतेक वेळा भाजीबद्दल. मी जाऊ दिलं.

चतुर्थीचा दिवस होता. मावशीचा कडक उपास, चंद्र बघून सोडायचा. मैत्रीण राहिलेल्या गोळ्यांपैकी काही तपासायला कॉलेजला गेली होती आणि मी खोलीत वाचत पडले होते. दुपार कलताना तिचा फोन आला.

"आगं, एका गोळीत औषधच न्हाई," ती म्हणाली. "आन् एकीत चौपट हाय. सर म्हणतेत, उन्हात वरचा थर आधी वाळला. ओल वर चढताना औषध बी वर घिऊन गेली. वरच्या दाण्यात समदं औषध, खालच्यात नुसतं पीठ."

मला आधी हसूच आलं. म्हटलं, काकांच्या धोतराचा गुण. आता गोळ्या फेकून द्यायच्या आणि का फसल्या ते लिहून द्यायचं, त्यालाही मार्क असतात. डबा आणायला म्हणून मी पत्र्याच्या खोलीत गेले. झाकण उघडलं तर मिठाची वाटी जागेवर आणि बशी जवळजवळ रिकामी.

जिना कसा उतरले मला आठवत नाही. मावशी ओट्यावर शेंगदाणे निवडत बसली होती.

"मावशी, वरच्या गोळ्या कुठं गेल्या?"

"वानोळा दिला की," ती म्हणाली. "आपल्या गच्चीवर वाळल्या, आपल्या धोतरावर वाळल्या. घरात नवं झालं म्हंजे चार घरी द्यावा लागतोच. गल्लीत कमी जणांना हाय का शुगर?"

"कुणाकुणाला दिल्या?"

"ते आता कुठं ध्यानात ऱ्हातंय? सकाळच्याला दिल्या. आन् तू कावून आशी पांढरी पडलीस?"

का पांढरी पडले, काय सांगू तिला! चौपट औषध पोटात गेलं की रक्तातली साखर झरझर उतरते. घाम फुटतो, हातपाय कापतात, माणूस असंबद्ध बोलतो आणि मग बोलायचाच थांबतो. त्यात उपाशी पोट असेल तर विचारूच नका. आणि आज चतुर्थी, अर्ध्या गल्लीला उपास.

कंपनीतून खराब माल बाहेर गेला तर तो बाजारातून परत कसा बोलवायचा, याचा एक अख्खा धडा असतो. त्याला रिकॉल म्हणतात, आणि परीक्षेला तो हमखास येतो म्हणून माझा पाठ होता. त्यात पहिलंच वाक्य, माल कुणाकडं गेला ते शोधा. धडा लिहिणाऱ्याला मावशी भेटली नव्हती. मी डोकं धरून बसले आणि मग सुचलं. म्हटलं, "बरं मावशी, हे सांगा. इतक्यात आपल्याकडं कुणाकडून काय काय आलं?"

हे मात्र तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. शेजारच्या वहिनींकडून कुरडया, समोरच्या गुरुजींच्या घरून शेवया, कोपऱ्यावरच्या आजींकडून चिंच. "बाकी कुणाचं देणं न्हाई आपल्यावर," ती अभिमानानं म्हणाली. म्हणजे तीन घरं. मी चप्पल न घालताच पळाले.

वहिनींनी गोळ्या देवापुढं ठेवल्या होत्या. उपास सोडल्यावर एक घेणार होत्या. मी परत मागितल्या तर त्यांचा चेहराच उतरला. "दिलेलं वापस नेतेत व्हय? आमच्या कुरडया बऱ्या खाल्ल्या तुमी!" मी हात जोडले, खोटं हसले आणि गोळ्या घेऊन निघाले. मागून त्यांचं बोलणं गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत होतं.

गुरुजी शाळेतून निवृत्त झालेले, हुशार माणूस. त्यांनी ब्लेडनं एका गोळीचे दोन तुकडे केले होते. "आधी अर्धी घेऊन बघणार, अनुभव येतो कसा," असं त्यांनी मला शांतपणे समजावलं. "अजून घेतली नाही ना?" मी इतक्या मोठ्यानं विचारलं की आतून त्यांची सून बाहेर आली. घेतली नव्हती. अर्धे तुकडेसुद्धा मी वेचून घेतले. गुरुजी म्हणाले, "आमच्या काळात विद्यार्थी असे हिसकावून घेत नव्हते."

कोपऱ्यावरच्या आजींना तर शुगरच नव्हती. तरी त्यांनी गोळ्या पदराच्या गाठीला बांधून ठेवल्या होत्या. मी म्हटलं, तुम्हाला कशाला आजी? तर म्हणाल्या, "आज न्हाई, उंद्या तर हुईलच की!" त्यांच्याशी वाद घालायला वेळ नव्हता. गाठ सोडवताना त्यांनी माझ्या हातावर चापट मारली, तीही खाल्ली.

तिन्ही घरांतून सांगितल्या तेवढ्या गोळ्या परत आल्या होत्या आणि कुणीही एकसुद्धा खाल्ली नव्हती. मला इतकं हलकं वाटलं की रस्त्यातच हसायला लागले. पुस्तकातला रिकॉल कंपन्यांना जमत नाही, तो मी अनवाणी करून दाखवला होता. तेवढ्यात मैत्रीण रिक्षातून उतरली. पळता पळताच फोनवर तिला सगळं सांगितलं होतं. तिनं माझ्या ओंजळीकडं बघितलं आणि विचारलं, "आन् मावशीनं घेतली का?"

अख्खी गल्ली पालथी घातली आणि ज्या घरातून निघाले तिथंच विचारलं नव्हतं.

मावशी ओट्यावर नव्हती. ती आत भिंतीला टेकून बसली होती. कपाळावर घामाचे थेंब, निवडलेले शेंगदाणे फरशीवर सांडलेले आणि हात असे थरथरत होते की पदर सावरता येईना. मला बघून तिनं सासूबाई म्हणून हाक मारली आणि भाकरी थापायला उशीर झाला म्हणून माफी मागायला लागली. तिची सासू जाऊन किती वर्षं झाली असतील! मैत्रीण साखरेच्या डब्याकडं धावली, वाटीभर पाण्यात मुठीनं साखर कालवली आणि ती वाटी मी मावशीच्या ओठाला लावली.

तर बाईनं दातखीळ बसल्यासारखं तोंड मिटून घेतलं.

"साखर न्हाई," ती दातांतून म्हणाली. "डॉक्टरनं बंद केलीय. आमची पोरगी वरडते."

"मावशी, मीच ती पोरगी! मी सांगते, प्या!"

"ती वरडते," मावशी म्हणाली आणि मान फिरवली.

इतके महिने मी तिच्या मागं लागून लागून जे पढवलं होतं, ते तिला त्या अवस्थेतसुद्धा पाठ होतं. मला रडताही येईना आणि ओरडताही. शेवटी मैत्रिणीनं घोगरा आवाज काढून दटावलं, "सुने, तीर्थ हाय, पी मुकाट्यानं!" सासूचा हुकूम म्हटल्यावर मावशीनं घोट घेतला. मग दुसरा घेतला. एका हातानं मी वाटी धरली होती आणि दुसऱ्या हातानं तिची मान. रिक्षावाला दारातच थांबला होता, त्याच रिक्षात घालून आम्ही तिला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी सलाइन लावली आणि आम्हा दोघींना व्हरांड्यात उभं करून जे झापलं, ते मी इथं लिहीत नाही. गुण लगेच आला होता, पण या औषधाचा असर रेंगाळतो, साखर पुन्हा खाली जाऊ शकते, म्हणून सकाळपर्यंत ठेवायचं ठरलं. दिवस मावळेपर्यंत मावशीचे डोळे नीट उघडले, माणसं ओळखू यायला लागली आणि सगळ्यात आधी तिनं विचारलं, आणली तेव्हा शुगर किती होती. नर्सनं आकडा सांगितला. मावशीचा चेहरा असा फुलला की काय सांगू.

"तुम्ही गोळी कधी घेतलीत?" असं मी विचारणार होते. पण खाटेभोवती तोवर गल्ली जमली होती आणि मावशीला व्यासपीठ मिळालं होतं.

"बघा!" ती वहिनींना म्हणाली. "इतकी वर्सं मेडिकलच्या गोळ्या खाल्ल्या, एवढी कधी उतरली का? घरची ती घरचीच. माझ्या पोरींच्या हातचं औषध हाय!"

वहिनींनी माझ्या कोपराला धरून बाजूला घेतलं. "माझ्या नेल्या त्या वापस दे की गं," त्या हळूच म्हणाल्या. "मला बी लई वर गेलीय." त्यांच्या मागं गुरुजी उभे होते. त्यांनी नुसता घसा खाकरला, पण मला कळलं की त्यांना त्यांची अर्धी तरी पाहिजे होती.

माझा तोल गेला. "कुणालाच मिळणार नाही!" मी ओरडले. सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. "ते औषध नाही, विष आहे! एकीत काही नाही आणि एकीत चौपट, कोणती कशी आहे ते आम्हालासुद्धा सांगता येत नाही!" आणि एवढ्या लोकांत, घाईत ॲप्रन काढायलाही विसरलेल्या मैत्रिणीच्या खांद्यावर डोकं टेकून मी मोठ्यानं रडले. दुपारपासून थोपवलेलं सगळं एकदम बाहेर आलं.

मावशीनं सलाइन नसलेला हात पुढं केला आणि माझं मनगट धरलं.

"मी मेले आसते का गं?"

तिला बरं वाटेल असं काहीतरी सांगायचं माझ्या तोंडावर आलं होतं. पण तिचे डोळे माझ्यावरून हलत नव्हते.

"हो," मी म्हणाले.

तिनं वर टांगलेल्या बाटलीकडं बघितलं. मग मान वळवून गल्लीला म्हणाली, "ऐकलं ना? आता कुणी मागायची न्हाई. जावा घरी, चंद्र निघंल." वहिनी निघाल्या, गुरुजी निघाले. मावशीनं माझं मनगट सोडलं नाही. मला खाली ओढून, नर्सला ऐकू जाणार नाही अशा बेतानं ती म्हणाली, "रडू नको. नीट शिकून घे. करता यायला लागली की पयली गोळी मलाच दे. तवर मी मेडिकलची खाते."

तिच्या आवाजात रुसवा नव्हता, थट्टाही नव्हती. आमच्या गोळीनं जिला जवळजवळ नेलं होतं, तिनं आमच्या पुढच्या गोळीसाठी पहिला नंबर लावून ठेवला होता. दुपारी अनवाणी पळताना वाटली नाही एवढी भीती मला त्या खाटेपाशी उभं राहून वाटली.